दहा मिनिटांची बाग

९ फेब्रुवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. तीन आठवड्यांत अकरा बागा पाहिल्या, तळपायांची चाळण झाली आहे. देशोदेशीच्या बागांच्या रीती प्रवाशांना समजावून सांगणारं पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, फुलांतून हिंडायचं काम. आमच्या संपादकांना मात्र हवा आहे तक्ता. बाग, वेळ, तारे. आता तूच सांग, एका ठिकाणी माळी रोज सकाळी वाळूवर दाताळं फिरवून रेघा ओढतो आणि पाहुण्याने पायरीवर बसून नुसतं बघायचं. दुसरीकडे हिरवळीवर सतरंज्या पसरून अख्खं गाव लोळतं. तिसरीकडे ऊन एवढं, की बाग म्हणजे पाणीच. चार पाट मधोमध मिळतात आणि माणसं झाडांकडे पाठ करून पाण्याशी बसतात. यांना एकाच मापाने कसं मोजायचं? संपादक म्हणतात, दोन ओळींत बसवा. हत्ती पिशवीत बसवायला सांगतात, झालं.

एक गंमत. तू राखतोस त्या इस्पितळाच्या बागेवरही दोन पानं लिहिली आहेत. सगळी कच्ची प्रत सोबत आहे. चुका काढ, पण माझ्या अक्षराचा उद्धार करू नकोस. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

तुझी,
चिऊ


२१ फेब्रुवारी

चि. चिऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रत वाचली. पन्नाशी आली तरी तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चुका चौदा. छाटणी वेगळी, खुडणी वेगळी. आणि त्या वाळूवाल्या माळ्याला विचारलंस का, पाऊस आला की तो काय करतो? बघणाऱ्यापेक्षा राखणाऱ्याला जास्त ठाऊक असतं.

माझ्या बागेबद्दल मात्र नेमकं लिहिलंस. दर वीस पावलांवर बाक का, हे आजवर एकाही साहेबाने विचारलं नाही. पोटाला टाके घातलेला माणूस पहिल्या दिवशी वीसच पावलं चालतो. पुढचा बाक दिसला, तर एकविसावं टाकतो.

इथे नवे व्यवस्थापक आले आहेत. त्यांना बागेच्या जागी गाड्या उभ्या करायच्या आहेत. सव्वीस वर्षं मी इथली माती उपसतोय, पण माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. छापील अक्षराला मात्र ही माणसं मानतात. जूनमध्ये इस्पितळाच्या समितीची बैठक आहे, तोवर पुस्तक धाड. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. आशीर्वाद आहेतच, वेगळे मागू नकोस.

तुझा,
दादा


२८ एप्रिल

ति. दादास,
सा. न. वि. वि.

चौदाही चुका दुरुस्त केल्या. पुस्तक छापखान्यात गेलं. संपादकांनी काटछाट बरीच केली. रोज भांडून भांडून मी टेकीला आले आहे. तुझी पानंही थोडी आखडली आहेत. बैठकीत सगळी भिस्त पुस्तकावर ठेवू नकोस, एवढंच. डॉक्टरांकडून, रोग्यांकडून दोन शब्द लिहून घे. वहिनींचा गुडघा कसा आहे? घाईत आहे. माया असू द्यावी.

तुझी,
चिऊ


११ जून

चिऊ,

आशीर्वाद लिहायला पेन उचललं होतं. राहू दे.

पुस्तक बैठकीच्या दिवशीच सकाळी आलं. ते न फोडताच घेऊन गेलो, इतका तुझा भरवसा. सगळ्यांसमोर पाकीट फोडून व्यवस्थापकांच्या हाती दिलं. त्यांनी पान शोधलं आणि मोठ्याने वाचलं. इस्पितळाची बाग. लहान. पाहण्याजोगं विशेष नाही. वेळ दहा मिनिटं. तारा एक. मग चष्मा काढून त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, की माळीबुवा, हे तुमच्याच बहिणीचं पुस्तक ना. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. निर्णय पुढच्या बैठकीत होणार आहे, पण कसा ते सगळ्यांना कळून चुकलंय.

संपादकांना मी काही म्हणत नाही, त्यांनी माझी बाग पाहिलेली नाही. तू पाहिलीस. तुझं पित्ताशय काढलं तेव्हा याच वाटेवर माझ्या दंडाला धरून चाललीस. एप्रिलच्या पत्रात ‘थोडी आखडली’ असं लिहिलंस, तेव्हा तुला ही ओळ ठाऊक होती की नव्हती, तेवढं कळव.

दादा


१६ जून

ति. दादास,
सा. न.

ठाऊक होती.

दोन पानांच्या दोन ओळी झालेल्या मी छपाईआधीच पाहिल्या होत्या. त्या दिवशी तीन बागांवरून संपादकांशी भांडून झालं होतं, चौथं भांडण माझ्या जिवावर आलं. याहून मोठं कारण असतं तर सांगितलं असतं. तुला कळवायची लाज वाटली म्हणून तो गुळमुळीत शब्द वापरला.

काल संपादकांकडे गेले. ते म्हणाले, प्रती दुकानांत पोचल्या, पुढच्या आवृत्तीत बघू. माझं नाव काढा म्हटलं, तर तेही पुढच्या आवृत्तीत. हात चोळत परतले. मूळ दोन पानं मात्र माझ्याकडे होती. ती तुझ्या व्यवस्थापकांना आणि समितीतल्या प्रत्येकाला माझ्या सहीने पाठवली आहेत. वर लिहिलं आहे, की छापलेली ओळ खोटी आहे आणि ती मी छापू दिली. पुढच्या बैठकीला मी येणार, तू नको म्हणालास तरी. हवं तेवढं रागाव, फक्त बोलणं टाकू नकोस.

चिऊ


४ जुलै

चि. चिऊस,
आशीर्वाद.

बैठक अचानक कालच उरकली, तुला कळवायला वेळच मिळाला नाही. तुझी पानं मोठ्या नर्सबाईंनी वाचून दाखवली. मधेच थांबून त्यांनी विचारलं, की रोग्यांना आता गाड्यांच्या मधून चालवायचं का. व्यवस्थापकांनी आधीच तयार केलेला नकाशा पुढे सरकवला. पुढची अर्धी बाग जाणार. मागची वाट आणि पाच बाक वाचले. याला जिंकणं म्हणू नकोस, मी म्हणत नाही.

राग गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. तुझी वहिनी म्हणते, बहीण आहे ती तुमची, वैरीण नव्हे. मलाही कळतं, वळायला वेळ लागतोय.

सोमवारी खोदायचं यंत्र येतंय. त्याआधी एकशेचाळीस झाडं मुळांसकट मागे न्यायची आहेत. उचलताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटता कामा नये, त्याला चार हात लागतात, आणि वहिनीला वाकता येत नाही. शनिवारी पहिल्या गाडीने ये. वही आणू नकोस. जुने कपडे आण.

दादा