दीड लिटरची शांतता

घमापूर, जबलपूर
जानेवारी, संक्रांतीनंतरचा सोमवार

प्रिय समृद्धी,

नवी गाडी खरी कितीला पडली ते तुला सांगतो. शोरूमच्या कागदावरचा आकडा साऱ्या घमापूरला पाठ आहे, कारण तो मीच सांगत फिरलो. कागदावर नव्हतं ते असं. कांचघर मोहल्ल्यातली आपली जागा गेली, जिच्यावर तुझ्या आईला दोन खोल्या काढायच्या होत्या. आपली काळी गाडी गेली, ती शोरूमवाल्यांनी भंगाराच्या जरा वरच्या भावात उचलली. दोन नारळ लागले, एक पूजेचा आणि एक दंडाचा. दंडाचं पुढे सांगतो. आणि श्यामसुंदर मिस्त्री रुसला. काळ्या गाडीचं इंजिन इतकी वर्षं त्याच्याच हाताखाली राहिलं, आता या गाडीला हात लावायला कंपनीची परवानगी लागते. तो चहाला येतो, पण बोनेटकडे पाठ करून बसतो.

तुला गाड्यांमध्ये रस नाही हे मला माहीत आहे. तरी ऐक, कारण मला जे सांगायचं आहे ते इंजिनापासूनच सुरू होतं. काळी गाडी तीन लिटरची होती, सहा सिलिंडर एका रांगेत. उभी असली तरी आतून एक घुमारा यायचा, देवळाच्या गाभाऱ्यात असतो तसा. नवी गाडी तेवढीच लांब, सीट तशाच, मागच्या झाकणावरचे आकडे तर जुन्यापेक्षा मोठे. पण बोनेट उघडलं की आत दीड लिटर, चार सिलिंडर. आपल्या पांढऱ्या टॅक्सीत असतं तेवढंच. बाकी जागेत प्लास्टिकचं झाकण. श्यामसुंदरने ते उचलून पाहिलं आणि म्हणाला, भैया, हाथी की खाल में बकरी बैठा दी इन लोगों ने. त्याला समजावलं की आता सगळेच बडे गाडीवाले इंजिन लहान करून राहिले, तेल कमी लागावं, धूर कमी निघावा असे कायदे आहेत. धुराच्याच जोराने एक छोटी पंखी फिरते, ती इंजिनात हवा ठासून भरते, तिला टर्बो म्हणतात. लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. पाय दाबला की आधी जरा थांबते, साहेबाला विचारून येते, मग अशी ढकलते की मागच्या माणसाची टोपी पडावी. श्यामसुंदर म्हणाला, ठासून भरलेली चीज एक दिन फटती है. मी हसण्यावारी नेलं.

आता दंडाचा नारळ. तेल वाचवायला ही गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करते, ब्रेकवरचा पाय उचलला की पुन्हा चालू. शोरूमच्या पोराने सांगितलं होतं, पण नव्या गाडीच्या आनंदात कोण ऐकतं. पहिलंच काम लागलं ते एका सराफाच्या बारातीचं. फुलांनी सजवलेली गाडी, आत नवरदेव, पुढे बँड. मुलीच्या मांडवासमोर थांबलो आणि इंजिन बंद. बँडही नेमका त्याच वेळी दम घ्यायला थांबला. नवरदेवाची बुआ किंचाळली, अरे, दूल्हे की गाड़ी दरवाज़े पर मर गई! मी सांगून राहिलो की दीदी, ये इसका फीचर है, तर ती म्हणते, फीचर अपने घर रखो, नारियल फोड़ो. शेवटी गाडीच्या चाकापाशी नारळ फोडला तेव्हा नवरदेव उतरला. त्या दिवसापासून लग्नाचं काम असलं की मी आधी ते बंद करण्याचं बटण दाबतो. घरच्या माणसांसाठी दाबत नाही. घरच्यांना कशाला अपशकुन?

तुला माहीत आहे, मी काय होतो. वडील गन कॅरेज फॅक्टरीत खरादावर, लेथ मशीनवर, आणि मी दहावीनंतर दुसऱ्याच्या बसवर क्लीनर. शिकलो ते कानाने. बस घाटात चढताना कोणत्या गियरला रडते, मालक खरं बोलतो की खोटं, गिऱ्हाईक भाडं देणार की नाही. पुढे स्वतःच्या सहा गाड्या झाल्या तरी चांगल्या पार्टीला, म्हणजे बड्या गिऱ्हाइकाला, न्यायला मी स्वतःच पांढरी वर्दी घालून जायचो. तुझी आई चिडायची, मालक असून हे सोंग काहून? पण वर्दीतल्या माणसाला कोणी पाहत नाही, बेटा. मागच्या सीटवर लोक असे बोलतात जसं पुढे कोणी बसलंच नाही. भावाभावांची दुकानं माझ्या गाडीत वाटली गेली. डॉक्टर रिपोर्टचं खरं नातेवाइकाला सांगायचे ते माझ्या गाडीत. संकोचून कोणी थांबलंच तर दुसरा म्हणायचा, अरे बोलो, ड्राइवर तो अपना ही आदमी है. भेडाघाटला जाऊन येईपर्यंत एका कुटुंबाचं सगळं मला कळलेलं असायचं. मी कधी कुठे बोललो नाही, पण फुशारकी मात्र मारली, तुझ्यासमोरही मारली: मागच्या सीटवरची सुईसुद्धा माझ्या कानातून सुटत नाही.

त्याच कानाच्या भरवशावर मी तुझं लग्न ठरवलं. केतनरावांच्या घरचे नागपूरहून तुला पाहायला आले, तेव्हा त्यांना स्टेशनवरून आणायला मी वर्दी आणि टोपी घालून गेलो. घरी आणण्याआधी भेडाघाट दाखवून आणतो म्हणालो, म्हणजे वेळ मिळेल. जाताना-येताना कान मागे. तुझी सासू म्हणत होती, आपल्याला सून नको, मुलगी हवी. सासरे म्हणत होते, नोकरी करू द्या हो तिला, शिकलेली आहे. आणि केतनराव काय म्हणाले, आई, तिला जबलपूरला यावंसं वाटलं की मी स्वतः सोडून देईन. धुवाधार धबधब्यापाशी ते लोक संगमरवराचे गणपती घेत होते तेव्हा मी गाडीमागे जाऊन डोळे पुसले. मग घरी आलो, टोपी काढली आणि म्हणालो, मीच मुलीचा बाप, नीलकंठ. काय हसले होते सगळे! तुझी सासू तोंडाला पदर लावून हसली. ती गोष्ट मी किती लग्नांत सांगितली असेन. लोक म्हणायचे, नीलकंठ भैया, कान हो तो ऐसा.

तू डिसेंबरात आलीस, त्याला आता महिना होत आला. स्टेशनवर तुला घ्यायला नवी गाडी घेऊन आलो होतो. तू पुढे बसशील म्हणून पुढची सीट पुसून ठेवली होती, पण तू म्हणालीस, बाबा, मी मागेच बसते, डोकं दुखून राहिलंय. लग्नानंतर प्रत्येक वेळी तू मागेच बसलीस, हे मला आता आठवतं. मी म्हटलं, बैस, आणि सुरू झालो. दीड लिटर, टर्बो, सराफाची बारात, बुआ. तू हसलीस. आरशात तुझा चेहरा दिसत नव्हता, शाल दिसत होती.

घमापूर चौकात एक ट्रक आडवा अडकला होता. माझं बोलणं संपलं होतं, तुझा फोन वाजला. तू हळू बोलत होतीस. तू म्हणालीस, गाडी चालू आहे, बाबांना नाही ऐकू येत, तुम्ही बोला. आणि त्याच क्षणाला गाडीने इंजिन बंद केलं. थंडीचे दिवस, एसी नाही, पंखा नाही, काचा वर. तुझा श्वास ऐकू आला मला. त्यानंतर फोनमधला केतनरावांचा आवाज. फोन स्पीकरवर नव्हता, तरी मला शब्द न् शब्द कळला, कारण ते ओरडत होते. आणि तू म्हणालीस, घाटात रेंज नव्हती हो, म्हणून नाही उचलला, चुकलं माझं. पुन्हा म्हणालीस, चुकलं माझं. मग म्हणालीस, नाही, माझ्या आईला काही नाही सांगणार. पोरगी चाळीस मुलांच्या वर्गाला गणित शिकवते, आणि डोंगरात रेंज नाही म्हणून माफी मागते.

मग तू मला विचारलंस, बाबा, गाडी बंद पडली का? मी म्हटलं, हो, नवी आहे ना, नखरे करते. पाय उचलला, चालू झाली, आणि मी पुन्हा टर्बोबद्दल बोलत सुटलो. घरी येईपर्यंत बोललो. त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही. तू दोन दिवसांसाठी आली होतीस आणि दुसऱ्याच सकाळी निघालीस. तुझी आई डब्याला चकल्या बांधत होती, म्हणाली, पोरगी भाकरीकडे पाहते आणि ताट सरकवते, काही विचारा तिला. मी म्हटलं, थकली असेल. हे बोलताना माझा आवाज कसा लागला ते मी ऐकलं. कान काही मेले नाहीत अजून.

तेव्हापासून मी पार्ट्यांना जाणं सोडलं आहे. कधी जावंच लागलं, तर मागे कोणी बोलायला लागलं की मी रेडिओ लावतो. आईला अजून सांगितलं नाही. तिच्या दुखऱ्या गुडघ्यांचं काय, ती रांगत नागपूरला पोचेल.

आता हे पत्र काहून, ते सांगतो. फोन केला असता, पण तुझा फोन कोण तपासतं हेही मला त्या ओरडण्यातूनच कळलं, म्हणून शाळेच्या पत्त्यावर लिहितो आहे. वाचून झालं की फाडून टाक, घरी नेऊ नको. या शनिवारी तुझी शाळा अर्ध्या दिवसाची. सुटायच्या वेळी मी गेटसमोर झेरॉक्सच्या दुकानापाशी गाडी घेऊन उभा असेन. सामान आणायची गरज नाही, तुझे जुने कपडे आईने अजून कपाटात ठेवले आहेत. आलीस तर सरळ पुढे बैस. मी काही विचारणार नाही आणि टर्बोबद्दलही बोलणार नाही. नाही आलीस तर चहा पिऊन परत येईन, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तिथेच उभा राहीन. त्या दिवशी फोनवर केतनराव आणखी एक वाक्य बोलले, तेही मला ऐकू आलं: तुझ्या बापाच्या कानाचं कौतुक पुरे, माझ्या आईने त्याला स्टेशनवरच ओळखला होता, रस्ताभर त्यालाच ऐकवत होतो आम्ही. मला वाटलं, रागात खोटं बोलून राहिले. मग बैठकीतल्या भिंतीवरचा तुझ्या पदवीच्या दिवशीचा फोटो पाहिला. ते तुला पाहायला येण्याआधी तुझ्या माहितीसोबत त्याचीच एक प्रत मी स्वतः नागपूरला पाठवली होती. त्यात तुझ्या शेजारी मी उभा आहे.

तुझाच,
बाबा