कातडी पिशवीतला चष्मा

चिंचमळा, ता. पारनेर
गुरुवार, दि. २२ मे २०२५

तीर्थरूप मुक्ताअक्कास,
धाकट्या आबासाहेबाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे ठीक आहोत. काष्टीला तुम्ही सगळे ठीक असाल असं धरून चालतो, कारण विचारायची सोय मी ठेवलेली नाही. माझा फोन तू घेत नाहीस, म्हणून पत्र. नातीच्या हाती पडलं तर, संस्कृती पोरी, फाडू नकोस, आजीला दे.

बातमी अशी की आम्ही घर सोडतो आहोत. रविवारी आमचा ज्ञानेश्वर टेम्पो घेऊन येणार आणि छबूला न् मला नगरला त्याच्या फ्लॅटवर नेणार. तिसरा मजला, पण लिफ्ट आहे म्हणतो. त्याने फोनवर तंबी दिली, "दादा, तीन ढीग करा. न्यायचं, द्यायचं, टाकायचं." तीन दिवस झाले, सगळ्यात मोठा चौथाच ढीग झाला आहे, 'राहू दे, बघू' म्हटलेल्या वस्तूंचा. पस्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, गच्च भरलेल्या गाडीत माणसं बसवली, पण ह्या घरातलं सामान काही जागेवर बसेना.

सकाळपासून बूड टेकलेलं नाही. लोणच्याची बरणी छबू 'न्यायचं' मध्ये ठेवते, मी उचलून 'द्यायचं' मध्ये ठेवतो, ती परत नेते. आईचा पाटा-वरवंटा शेजारच्या दगडाबाईला दिला. ती उचलून निघाली तर मी दोनदा तिला आडवा गेलो. शेवटी म्हणाली, "आबा, देयाचा आसंल तर द्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या. माजा हात मोडाया लागलाय." दिला. मग दोन वेळा स्वयंपाकघरात जाऊन रिकामी जागा बघून आलो.

तुझी पाटीही सापडली. एक कोपरा गेलेली. मला सांभाळायला म्हणून तुला चौथीतून काढलं, आणि तू त्याच पाटीवर मला 'ग म भ न' गिरवायला बसवायचीस. ती नगरला येणार, त्यावर वाद नाही.

मुद्द्याचं लिहितो. थांब, दारात कोणी आलं.

भंगारवाला होता. परत पाठवला.

मुद्दा असा की घराला गिऱ्हाईक आलं आहे. ग्रामपंचायतीत घर तुझ्या-माझ्या दोघांच्या नावावर आहे. ज्ञानेश्वर म्हणतो, "आत्याची सही तेवढी आणा." त्याला एवढंच माहीत की आत्या रुसली आहे. मीच तसं सांगितलंय.

खरं सांगतो, सकाळी पत्र लिहायला घेतलं ते ही सही मागायलाच. एक कागद तसा लिहूनही झाला होता. मग दुपारी छबूने माळ्यावरची माझी जुनी कातडी पिशवी काढली, टाकायच्या ढिगावर उलटी केली आणि तुझा चष्मा खाली पडला.

"ह्यो तर वन्संचा," छबू म्हणाली. "घावला न्हाई म्हनला हुता तुमी."

मी उठून गोठ्यात गेलो. गोठ्यात आता काय आहे? जनावरं विकून दोन वर्षं झाली. तिथे उभा राहिलो, परत आलो, आणि पहिला कागद फाडला.

अक्का, नऊ वर्षांपूर्वी आपले अण्णा गेले तेव्हा वारसाची नोंद करायची आहे म्हणून मी तुला पारनेरच्या कचेरीत बोलावलं. तू चष्मा डोळ्यांवर चढवत होतीस. मी तो तुझ्या हातातून काढून घेतला. "वाचायचं काय त्यात, मी वाचलंय की. गाडी चुकंल तुजी." तू हसलीस. साहेबाने मान्य आहे का विचारलं, तेव्हा तू कागदाकडे नाही, माझ्याकडे बघून मान डोलावलीस आणि दाखवलं तिथे सही केलीस. तो हक्कसोडीचा कागद होता. विहिरीकडच्या वावरातला तुझा वाटा त्यात गेला.

गावातल्या सगळ्याच बहिणी हक्क सोडतात, असं मी स्वतःला सांगत आलो. पण त्यांना आधी सांगतात, विचारतात. विचारलं असतं तर तूही सोडला असतास, किंवा नसतास. नसतास ह्याचीच मला भीती होती.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला, "आबा, माजा चष्मा ऱ्हायला का रं तुज्या पिशवीत?" पिशवी माझ्या मांडीवर होती. मी म्हटलं, "न्हाई." तलाठ्याची नोटीस येईल ती तुला वाचता येऊ नये, एवढीच माझी अक्कल. ती तुझ्या लेकाने वाचून दाखवली. त्या भाऊबीजेपासून आमचा पाट रिकामा आहे. मला लाज वाटते, अक्का.

छबूला आज सगळं सांगितलं. भांडी पुसता पुसता ऐकत होती. म्हणाली, "सही मागू नगा. आदी त्यांचं त्यांना द्या." संध्याकाळचा चहा मला मिळालेला नाही. मिळेल असं दिसतही नाही.

दगडाबाईचा जावई परवा काष्टीच्या बाजाराला जाणार आहे, त्याच्या हाती हे पत्र आणि चष्मा पाठवतो. काडी सैल होती, दोऱ्याने बांधली आहे. नंबर आता बदलला असेल. उद्या वकिलाकडे जाऊन विहिरीकडचं निम्मं वावर तुझ्या नावावर करायचा कागद करायला सांगतो. घराच्या गिऱ्हाईकाला 'नाही' म्हणून कळवलं आहे. रविवारी टेम्पो जाईल, घराला कुलूप लागेल. पुढे त्याचं काय करायचं ते तू सांगशील तेव्हा.

वावराच्या नोंदणीला मात्र तुला पारनेरला यावं लागेल. आलीस तर कचेरीच्या पायरीवर बसून ओळ न् ओळ वाच. गाडी चुकू दे. मी शेजारी उभा राहीन, मध्ये बोलणार नाही. नाही आलीस तर कागद घेऊन मीच काष्टीला येईन, दारातूनच देईन, आत घे म्हणणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, आणि समजून-उमजून, राजीखुशीने खाली सही केली आहे.

तुझा,
आबा