ठाण्याचे आवळे

अश्दोद, २ डिसेंबर १९९८

प्रिय बत्याताई,

शालोम. तू फोनवर येत नाहीस म्हणून कागद घेतला. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तुझ्या सायमनने सांगितलं की आई झोपली आहे. दुपारी चारला तू जन्मात कधी झोपली होतीस गं?

तब्येतीचं आधी सांगतो. तू दिलेली किडनी गेली, हे तुला कळलंच आहे. आता रविवार, मंगळवार, गुरुवार डायलिसिस. जाताना बसने जातो, येताना लेक अनात गाडी घेऊन येते. हात दुखतो, पाणी मोजून प्यावं लागतं, बाकी बरा आहे. तुझ्या किडनीने मला दोन वर्षं माणसात ठेवलं. पोरीचं लग्न मी पाहिलं ते तुझ्यामुळे.

ऑपरेशननंतर तू इथून ठाण्याला परत गेलीस तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर सुकवलेल्या आवळ्यांचे डबे पाठवत होतीस. व्हिटॅमिन सी भरपूर, अंगात शक्ती येईल, असं पेपरात वाचून. मला हसू यायचं. मी आयुष्यभर इथल्या बंदरावर संत्र्यांच्या पेट्या जहाजांवर चढवल्या आणि माझी बहीण मला व्हिटॅमिन सी ठाण्याहून धाडते! पण डबा उघडला की घरभर तुझ्या स्वयंपाकघराचा वास यायचा, आणि मला फार बरं वाटायचं. दर फोनला तू विचारायचीस, आवळे खाल्लेस का. मी म्हणायचो, रोज दोन खातो.

इथे डॉक्टर दोरोन आहेत, भले माणूस. ऑपरेशननंतर त्यांनी समजावलं होतं की शरीरात पहारेकरी असतात, परकं काही आत आलं की ते तुटून पडतात. सख्ख्या बहिणीची किडनी असली तरी त्यांच्या लेखी ती परकीच. म्हणून रोज गोळ्या देऊन त्यांना सुस्त ठेवायचं. तू शक्ती वाढवायला बघत होतीस आणि डॉक्टर तीच उतरवायला. व्हिटॅमिन सी विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, असंही ते म्हणाले होते. त्याने पहारेकरी चेवतात की उलट शहाण्यासारखे वागतात, यावर डॉक्टरांचंच अजून एकमत नाही. पण फार झालं तर गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण बिघडू शकतं, किडनीत खडेही होऊ शकतात.

किडनी बिघडली तेव्हा अनातने डॉक्टरांना तुझ्या डब्यांचं सांगितलं. ते म्हणाले, असेल कदाचित, सांगता येत नाही. मग तिने तुला फोन केला. तिचं मराठी तू जाणतेस, स्वयंपाकघरात शिकलेलं, जेव, बस, पुरे एवढंच. त्यात ‘कदाचित’ कुठून येणार? तिने सरळ सांगितलं, "आत्या, आवळ्याने किडनी मेली." मी शेजारी बसलो होतो. ऐकलं आणि गप्प राहिलो. त्याची मला फार लाज वाटते.

आता खरं काय झालं ते ऐक. सणांच्या दिवसांत रक्त तपासायला दिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जायचं होतं. संध्याकाळी दवाखान्यातून नर्सचा फोन आला. रशियातून नवीन आलेली बाई, तिचं हिब्रू वेगळं, माझं वेगळं. उद्याबद्दल काही म्हणाली आणि मग, "दखिया." हा शब्द मी तीस वर्षं ऐकतोय. लष्कराची राखीव ड्यूटी पुढे गेली की कागदावर दखिया, कोर्टाची तारीख पुढे गेली की दखिया. मी समजलो, तपासणी पुढे ढकलली. आभाराचं तोदा म्हणून फोन ठेवला आणि घरी बसलो. शरीराने परकी किडनी नाकारली तर त्यालाही हाच शब्द आहे, हे मला सहाव्या दिवशी, ताप चढल्यावर, हॉस्पिटलात कळलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आला असतात तर इंजेक्शनांनी बहुतेक आवरलं असतं. एवढी वर्षं इथे राहून एक शब्द कळला नाही, हे पोरीला सांगायला जीभ उचलेना. आळ आवळ्यांवर गेला तेव्हा मला बरंच वाटलं.

काल सायमनने शेवटी खरं सांगितलं. तू नवसाच्या मलिद्याच्या ताटाला हात लावत नाहीस, भावाला मारणाऱ्या हातांनी मलिदा कालवायचा नाही म्हणतेस. ताई, म्हणून हे पत्र. अनातला आज सकाळी सगळं सांगितलं, ती रडली, मग माझ्यावर चिडली. आता तुला सांगतो. तुझा एकही आवळा माझ्या पोटात गेलेला नाही. डॉक्टरांनी मना केलं होतं, आणि तुला नको म्हणवत नव्हतं, म्हणून फोनवर खोटं बोलत होतो. सगळे डबे शेजारच्या नेहेमियाने खाल्ले, आणि तो ठणठणीत आहे.

तुझाच खोटारडा भाऊ,
एलियाहू