दिवाळीपर्यंतचं हॉस्टेल

४ ऑगस्ट, सोमवार

नातीला, साक्षीला, घोडबंदर रोडच्या हॉस्टेलात सोडून आलो. मी, मुलगा दिलीप, सूनबाई. दिलीपचं वाटेत एकच, "डोंबिवलीहून ठाणं काय लांब आहे का?" जायला-यायला रोजचे चार तास, कॉलेज सकाळी आठला. इंजिनियरिंग आहे, भिशी नाही. मी हट्ट धरला म्हणून पाठवली. त्याची अट: दिवाळीपर्यंत बघू. तब्येत उतरली किंवा विषय गेला, की दुसऱ्या टर्मचा फॉर्म भरायचा नाही, घरी यायचं. मी म्हटलं बरं. म्हणजे आता जबाबदार मी.

खोलीत तीन खाटा, तीन कपाटं, चार्जिंगची जागा एक. सूनबाई रडली. मी नाही रडले. पोरगी शिकायला गेली आहे.

निघताना कानात सांगितलं, आपल्या घरची रीत सोडू नकोस. आधी दुसऱ्याला, मग आपल्याला.

९ ऑगस्ट, शनिवार

सा.चा फोन. आंघोळीला सहापासून रांग. पाण्याचा मग तिसऱ्या दिवशीच चोरीला गेला. म्हटलं, बादलीवर नाव रंगवून दिलं, मगावर पण घालायला हवं होतं. बाजूच्या खाटेवर बुलढाण्याची अश्विनी. तिला घरची आठवण येते म्हणून ही तिचे कपडे पण वाळत घालते. मला बरं वाटलं. शिकवण आहे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

गणपतीला आली. तोंड एवढंसं झालंय. ड्रेस खांद्यावरून उतरतो. दिलीप तिच्याकडे बघायच्या ऐवजी माझ्याकडे बघत होता.
सू. म्हणाली, "मेसचं जेवण पाणचट असेल."
"नाही गं, चांगलं असतं. कधी कधी संपतं."
बायकांची पंगत तीनला बसली. सा. पण आमच्यातच. फुटलेले मोदक आमच्या वाट्याला. नेहमीचंच.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

रेक्टर मॅडमचा फोन. प्रॅक्टिकलला उभी असताना चक्कर आली. आता ठीक आहे, साखरपाणी दिलं.
दिलीप म्हणाला, "रविवारी गाडी घेऊन जातो. सामान आणतो."
"आधी मी बघून येते."
"तू काय बघणार?"
"डोळ्यांनी बघणार."

१३ सप्टेंबर, शनिवार

बसने ठाण्यात खोपट स्टँड. तिथून घोडबंदरची बस. तासभर जागच्या जागी. चालत लवकर पोचले असते, पण गुडघे दिलीपसारखे, ऐन वेळी कुरकुरतात.

सा.ला कळवलं नव्हतं. मेसच्या दाराशी बाकड्यावर बसले. साडेबाराची रांग. ही सातवी-आठवी असेल. एक पोरगी आली, ही म्हणते, "जा तू पुढे." दुसरी आली, "तुझं लेक्चर आहे ना, जा." मग रांगच सोडली आणि पलीकडे जाऊन वरण वाढायला उभी. मेसवाला मला कौतुकाने सांगतो, "रोज वाढते, आजी. घरचं वळण चांगलं आहे."

सगळ्यांचं झाल्यावर स्वतःचं ताट घेतलं. एक पोळी. उसळीत मटकी शोधावी लागेल अशी. जेवली शांतपणे, तक्रार नाही.

"हे काय चालवलंयस?"
"तूच सांगितलंस ना."

लग्न होऊन आले त्या दिवसापासून शेवटी जेवते. करपलेली पोळी माझी, पातेल्याच्या कडेची भाजी माझी. ते पोरीच्या गळ्यात बांधलं, वर वळण म्हणून मिरवलं. चक्कर तिला नाही, मला यायला हवी होती.

म्हटलं, नंबर आला की ताट घ्यायचं आणि जेवायचं.
"मग शेवटच्या? वर्कशॉपवाल्या मुली उशिरा सुटतात आजी. त्यांना रोज असंच मिळतं."
"ते मेसवाल्याला विचार. तुझ्या पोटातून त्यांची भरती करू नकोस."

१४ सप्टेंबर, रविवार

दिलीपला सगळं सांगितलं. चूक माझी आहे. त्याला पटेना, "एवढ्याने चक्कर येते?"
दुपारी सगळ्यांच्या आधी ताट घेऊन बसले. सू.चा लाटणं धरलेला हात थांबला. दिलीप म्हणाला, "आई, बरं नाही का?"
"भूक लागली आहे."
तव्यावरची पोळी बोटं भाजते हे विसरलेच होते.
सू.ला म्हटलं, तू पण बस.
"यांचं व्हायचंय अजून."
"त्याला हात आहेत."
त्याने वाढून घेतलं. ओट्यावर आमटी सांडली, घर काही पडलं नाही. सामान आणायचा विषय निघाला नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

सा.चा फोन. अश्विनीला आणि सहा जणींना घेऊन रेक्टर मॅडमकडे गेली. वर्कशॉपवाल्यांची ताटं बाजूला काढून ठेवा म्हणाली. मेसवाला म्हणे, "गार होईल." ही म्हणाली, "गार चालेल. नसलेलं कसं खायचं?"
हे मी शिकवलेलं नाही. मला सुचलंही नसतं. कालपासून चौदा ताटं झाकून ठेवतात. हिला मेस कमिटीत पण घेतलं, पहिल्या वर्षाची ही एकटीच.
तळमजल्यावरच्या बाईंना बोलता बोलता सांगितलं. संध्याकाळी परत भेटल्या, परत सांगितलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

टर्मचे मार्क. बाकी बरे, ड्रॉइंगमध्ये गेली. घरी अजून कोणाला माहीत नाही. मला म्हणाली, "बाबांना मी सांगेन. तू मध्ये पडू नकोस." बरं. नाही पडत. जड जातंय.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीला आली. गाल भरलेत. दुसऱ्या टर्मचा फॉर्म आणलाय, त्यावर पालकाची सही लागते.
जेवताना स्वतःचं ताट घेऊन सरळ बापाशेजारी बसली.
"बाबा, आमटी द्या."
दिली त्याने.
"ड्रॉइंगमध्ये गेलेय. पेपर परत देणार आहे. तिथेच राहून देणार."
मी खाली मान घालून भात कालवला. तोंड उघडलं नाही, माझ्या जन्मात पहिल्यांदा असेल.
दिलीपने पोळी मोडली. मग म्हणाला, "त्या वर्कशॉपवाल्या मुलींना मिळतं का आता?"
"मिळतं."
"सगळ्यांना?"
"चौदा जणी आहेत. मी मोजून घेते."
हात धुऊन आला, चष्मा लावला, फॉर्म घेऊन खिडकीशी बसला. पेन खिशालाच आहे. पहिलं पान वाचलं, उलटलं, परत पहिल्यावर आला. अजून वाचतोय.