चार किलोमीटर अलीकडून

॥ श्री ॥

थळ, ता. ८ मे २०२५
गुरुवार, मोहिनी एकादशी

चि. सौ. प्राप्तीस आईचे अनेक आशीर्वाद.

नावाआधी सौ. लिहिताना हात अडला. सहा वर्षांत आज पहिल्यांदा लिहिलं.

इकडे सगळे बरे. बाबांचे गुडघे आहेत तसेच आहेत. रातांबे यंदा भरपूर लागले, आमसुलं वाळत घातलीत. तुझ्या वहिनीने, शिवानीने, त्यांच्यासाठी अंगणात जुन्या साड्या पसरू दिल्या, पण तोंड वाकडं करून. फोन केला असता, पण तू "आई" म्हणालीस की मी या रातांब्यांवरच बोलत बसेन. म्हणून पत्र.

शनिवारी तू पोळ्या करून वाट बघत होतीस आणि गाडी तुझ्या दारापर्यंत आली नाही. त्याचंच लिहायचंय.

रितेशने, तुझ्या भावाने, बाबांना एवढंच सांगितलं होतं, रेहेकुरीला हरणं बघायला जाऊ. मी घावणे बांधून घेतले आणि विहिरीच्या पाण्याचे पाच कॅन भरले. विकतचं पाणी मला नाही गिळवत. शिवानी म्हणाली, "आई, विहीरच घ्या ना डिकीत." सगळे हसलो. भिगवण मागे पडल्यावर मात्र हसू कमी झालं. बाभळी, दगड, पिवळं गवत, पुन्हा बाभळी. बाबा म्हणाले, "इथं मानसं पितात तरी काय?" माझ्या मनात आलं, माझी पोर तिथलंच पाणी पिते.

फाटकावर खाकी कपड्यातले एक वनरक्षक उभे होते. आम्हाला पाणवठ्यापाशी घेऊन गेले. "सकाळीच टँकर वतलाय. गप उभं ऱ्हावा, येत्यात आता." आणि आली गं खरंच. एक काळा नर, पिळाची शिंगं, मागे माद्या. बाबा लहान मुलासारखे बघत होते. मग अर्धा तास त्या वनरक्षकांना प्रश्न. लांडगे येतात का, उन्हाळ्यात चारा कुठला. ते एकेकाचं नीट उत्तर देत होते. बाबा मला हळूच म्हणाले, "पोरगा गुनी हाय. आपल्या रितेशला कोंबडीपन सांभाळायला येत न्हाय."

तेवढ्यात बाबांनी चष्मा सारखा केला आणि वनरक्षकांच्या छातीवरची पाटी वाचली. गणराज आणि पुढे आडनाव.

बाबांनी जावयाला कधी पाहिलंच नव्हतं ना. गणराज म्हणाले, "बाबा, सावलीत बसा. पाणी देऊ?" बाबा म्हणाले, "आम्ही घरनं आनलंय." आणि गाडीत जाऊन बसले.

रितेशने विनवलं. "बाबा, चार किलोमीटर राहिलंय. ताई वाट बघते." तेव्हा बाबा जे बोलले ते तुला कळायलाच हवं. म्हणाले, "मला काय पोरीला तोडायची हौस हाय? मी म्हटलेलं, देव हो म्हनाला तर मीपन हो. देवाने डावा कौल दिला. ती देवाच्या वर गेली, मी कसा जाऊ? उजवा दिला असता तर वरातीत नाचलो असतो मी." मी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं, धुळीने. रितेशने गाडी वळवली.

त्या गाडीत मी एकटी होते जिला खरं माहीत होतं, आणि मी गप्प बसले.

बाय, तुझ्या लग्नाचा कौल मी लावून आणला होता. बाबांचा पाय प्लॅस्टरमध्ये होता, म्हणून मी एकटी देवळात गेले. गुरवांनी देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी हात जोडून डावी मागत होते.

उजवी पडली. लगेच पडली.

घरी येऊन मी सांगितलं, डावी. एकाचा कौल गुरव दुसऱ्याला सांगत नाहीत, हे मला माहीत होतं. त्याच पावसाळ्यात ते वारले. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं.

का केलं? तू लांब कोरड्या मुलखात जाशील, टँकरच्या रांगेत उभी राहशील, असं मी स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं. त्यांची जात मला नको होती. मी रोज देवाला फूल वाहते, आणि माझ्या मनातली घाण त्याच्या नावावर खपवली. आज एकादशी आहे, आज खोटं लिहिणार नाही.

इथवर लिहून मी उठले. हे तुला आधी कळून त्यांना मागून कळणं बरोबर नव्हतं.

बाबा अंगणात आमसुलं उलटी करत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. शेवटचं आमसूल उलटून म्हणाले, "गुरव काय बोलले होते? जसंच्या तसं सांग."

मी सांगितलं. "म्हणाले, देवाने हसून कौल दिलान गो, पोरीचं सोनं होईल."

"पुन्यांदा सांग."

पुन्हा सांगितलं. मग ते उठले, हात धुतले. लालपणा काही गेला नाही. उपासाचं ताट तसंच राहिलं.

मघाशी आत येऊन त्यांनी पाकीट मागितलं. तुझा पत्ता मला रितेशला विचारायचा होता. बाबांनी कोणालाही विचारलं नाही. खाली बसून लिहिला, तुझं नाव, गणराजांचं नाव, गाव, तालुका, पिनकोडसुद्धा. एकदाही न थांबता. कधीपासून पाठ होता कोण जाणे.

ते पाकीट माझ्यासमोर ठेवून ते ओटीवर जाऊन बसलेत, रस्त्याकडे तोंड करून. माझ्याशी बोलतील की नाही, माहीत नाही. तुझ्याशी बोलतील. तू फोन कर, माझ्या नाही, त्यांच्या नंबरवर. मला क्षमा कर असं लिहीत नाही. ते मागायला मी येईन तुझ्या दारात, आणि तुझ्याकडचंच पाणी पिईन.

तुझ्या वाटेत देवाला आडवं घालणारी,
तुझी आई