पावण्यांसाठी रंगवलेली भिंत

३ जून
आप्पांनी अख्ख्या शिवाजी पेठेत सांगून टाकलंय, पोरगी हवामानाचे पैसे आणायला मुंबईहून आलीय. सकाळी दुधाला गेले तर तालमीसमोर दोघांनी अडवून विचारलं, यंदा पाऊस कसा हाय? म्हटलं, मी पावसाचं सांगत नाही. पुरापासून गावं वाचवायला परदेशातल्या निधीकडून सरकारला पैसे मिळावेत, त्याचा प्रस्ताव लिहिते. "म्हंजे त्येच की," म्हणाले. बरं, तेच.

५ जून
मुंबईच्या साहेबांचा फोन. नदीकाठच्या गावांत उंच चौथऱ्यांवर निवारे बांधायचे, इथवर मान्य. पण त्यात म्हशींना जागा कशाला? निधीवाले माणसांसाठी पैसे देतात म्हणे. अहो साहेब, इथं म्हैस दावणीला असताना कुणी बोटीत पाय ठेवत नाही. मागच्या पुरात बोटी रिकाम्या परत गेल्या. बराच वाद. शेवटी, "ठेव म्हशी. पण पाणी किती चढतं याचा पुरावा भक्कम पाहिजे." पुरावा आहे की! नदीकाठच्या एका वाडीच्या शाळेची भिंत.

८ जून
वाडीला. सरपंच शालनताईंनी आधी चहा दिला, मग दही, मग जेवण. कामाचं बोलणं हात धुतल्यावरच. शाळेच्या भिंतीवर दोन लाल रेघा, एक एकोणीसच्या पुराची, एक एकवीसच्या पुराची. पाणी ओसरल्या ओसरल्या, भिंतीवर ओल होती तेव्हाच ओढलेल्या. सरकारी मोजणी होते ती लांब पुलावर. वाडीत पाणी कुठवर चढलं याचा दाखला हा एवढाच. त्यावरच निवाऱ्याची उंची ठरायची.
भिंतीसमोर आम्हा दोघींचा फोटो. शालनताईंना सांगून आले, निधीच्या बाई तपासणीला येणार आहेत, त्यांना ही भिंत दाखवायची.

१४ जून
दिवसभर कागद. निधीची भाषा एक, मंत्रालयाची दुसरी, वाडीची तिसरी. तिन्हीकडे मीच दुभाषी आणि तिन्हीकडे मीच परकी. रात्री आप्पांनी विचारलं, एवढं इंग्रजी लिहितेस ते वाचतं कोण? मलाही हेच विचारायचंय कुणालातरी.

२० जून
बाई तीन दिवसांनी येणार, म्हणून तयारी बघायला वाडीला गेले. वेशीत कमान. गटारं साफ. आणि शाळेची भिंत पांढरीशुभ्र. रेघा खरवडून काढलेल्या, वर रंगाचे दोन हात.
शालनताई खुशीत. "पावणं यायचं म्हटल्यावर घरदार झाडतोय की आम्ही. भिंत तशीच ठिवायची व्हय? त्या बाईला वाटायचं, गावच गबाळं हाय."
ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण त्यांच्या कपाळाला रंगाचा ठिपका लागलेला, नवऱ्याला आणि दिराला कामाला लावून स्वतः शिडी धरून उभ्या होत्या म्हणे. मी 'दाखवायची' म्हणाले, त्यांनी दाखवण्यासारखी करून ठेवली. आमच्या पेठेत तरी वेगळं काय? पाहुणे यायचे म्हटलं की आप्पा पहिल्यांदा दाराला रंग लावतात.
तिथंच पायरीवर बसले. मोबाईलमधला फोटो काढून बघितला. दोघींची डोकी बरोबर रेघांच्या आड. आम्ही मात्र छान आलोय.

२१ जून
साहेब: "मग वाडी वगळ. दुसरं गाव घाल." म्हटलं, तपासणी होऊ दे, मग बघू.
पुन्हा वाडीला. सगळं गाव भिंतीपाशी, हातात खडू. सदूमामा छातीला हात लावून ठासून सांगतात, पाणी हितवर आल्तं. मामी मागून म्हणाल्या, "पुरात ह्ये गारगोटीला पावण्यांकडं हुतं." सगळे हसले, मामा सोडून. मग ज्याची त्याची खूण वेगळी.
शालनताई लाल रंगाचा डबा घेऊनच आल्या. "सांगा मॅडम, कुठं ओढू? जरा वरच घिऊ की, निवारा तेवढा उंच हुईल."
खरं लिहिते, क्षणभर वाटलं, ओढू दे. पाणी तर खरंच आलं होतं. पण अंदाजानं ओढलेली रेघ उद्या पकडली गेली तर वाडीच नव्हे, सगळी गावं प्रस्तावातून जातील. डबा बंद करायला लावला. ताई डबा घेऊन घराकडे वळल्या. जेवून जा, असंही म्हणाल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

२३ जून
निधीच्या बाई आल्या. साडीची घडी घातल्यासारखं बोलणं, नीटनेटकं. भिंतीपुढे उभं राहून मी सगळं सांगून टाकलं. रेघा होत्या, तुमच्यासाठी पुसल्या, फोटोत दिसत नाहीत. शालनताईंना इंग्रजी कळत नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांचं तोंड उतरत गेलं.
बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, माझ्या आईनंही हेच केलं असतं. हे मराठीत सांगितल्यावर ताईंनी दोन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे धड बघितलं.
पण नियम तो नियम. वाडी प्रस्तावात राहील, तात्पुरती. भिंतीवर फुटांची पट्टी रंगवायची. यंदा पाणी चढलं तर लगेच खूण, फोटो, आणि वाडी पक्की. नाही चढलं तर पुढच्या फेरीला, ती कधी ते कुणालाच माहीत नाही.
गावाला समजावून सांगताना मध्येच अडखळले. आपण काय सांगतोय हे तेव्हा कळलं. शालनताई मात्र लगेच, "हुईल की. पाणी काय, येतंयच."

१२ जुलै
पट्टी रंगवून झाली. आकडे सुबक. साहेबांचा रोज मेसेज, "चढलं का?" सभ्य माणूस आहे, मनात वाईट नाही. तरी मोबाईल फेकून द्यावासा वाटतो.
शालनताईंनी आप्पांसाठी खरवस पाठवला. म्हणजे राग गेला. बरं वाटलं, फार बरं वाटलं.

२७ जुलै
चार दिवस उघडीप नाही. नदी पात्राबाहेर. वाडीचा रस्ता बंद. आप्पा टीव्हीपुढून हलत नाहीत. मधूनच माझ्याकडे बघतात आणि आवाज कमी करतात.

२८ जुलै
संध्याकाळी शालनताईंचा फोन लागला. पाऊस थांबलेला नाही, धरणाचं पाणी अजून यायचंय. म्हशी सगळ्या काल दुपारीच वरच्या रस्त्याला नेऊन बांधल्यात, माणसंही तिथंच, ताडपत्रीखाली.
"मी सोता बघून आलो मॅडम. पाणी शाळंच्या पायरीपतोर येऊन थटलंय. भिंतीला लागलं न्हाई. पट्टी कोरीच हाय." मग आवाज खाली गेला. "तुमचं काम हुकतंय की ओ. माफ करा."
म्हटलं, "ताई, नकोच लागू दे भिंतीला."
पलीकडे ताडपत्रीवर पाऊस. पाठीमागे एक म्हैस ओरडली.
"मग निवारा?"
 फोन तसाच कानाला धरून उभी राहिले. त्यांनीही ठेवला नाही.