चहाला बोल लावायचा नाही

तीर्थरूप वन्संना वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, जमलं तेवढं वाकले). तुमचे गुडघे कसे आहेत? तुमचे बंधुराज ठणठणीत आहेत. कुणाशी बोलतच नाहीत, त्यांना आजार देणार कोण?

पत्र लिहायचं कारण, मला ऑफिसातून घरी बसवलंय. फ्लू म्हणे माझ्या चहाने पसरला! चौदा वर्षं दोन मजल्यांना चहा पाजणारी मी, ऐकून घेईन होय? खाली फोनवर बोलणारी नवी पोरं, एका टेबलाला सहा-सहा, दोघांत एक हेडफोन. त्यातली वीस आडवी. वर नकाशे काढणारी जुनी माणसं. चहा तोच, कप तेच, आजारी फक्त एक! कारण गेल्या साली हीच मंडळी महिनाभर खोकत होती, आता अंगात ताकद मुरलीय (तुम्ही नर्स होतात तेव्हा तुम्हीच सांगायचात ना, पुढचं माणूस मिळालं नाही की आजार तिथेच अडतो). आणि तो एक? तो रोज खाली येऊन लिफ्टपाशी एका फोनवालीशी तासभर बोलतो. कोण कुणाच्या टेबलाशी किती रेंगाळतं, ते चहावालीला विचारावं. पण विचारतंय कोण!

मग मीच साहेबांच्या खोलीत शिरले. म्हटलं, "चहाने झालं असतं तर वरचेही झोपले असते. सोमवारी खोकत खोकत खालच्या एकेका पोराशी शेकहँड कुणी केला?" साहेब म्हणाले, "मावशी, फ्लूचं इंजेक्शन घ्या, मगच कामावर या." म्हटलं, आधी तुम्ही घ्या! आणि दार आपटून आले (ते दार आपोआप हळूच लागतं, पण मी जोर लावला). माफी मागणार नाही. नोकरी गेली तरी बेहत्तर.

तुमची भावजय

ता.क. बेहत्तर वगैरे रागात लिहिलं. घर त्या नोकरीवरच चालतं.

ता.क. आणखी एक, साहेबांना न सांगितलेलं. वर मी जात नाही, लिफ्टमधून किटली पाठवते. खाली मात्र पोरांच्यात अर्धा अर्धा तास बसते. आणि माझं नाक शनिवारपासूनच गळत होतं.

ता.क. बुधवारी दवाखान्यात याल का? सुईला मी भीत नाही, पण हात धरायला कुणीतरी हवं. तुमच्या भावाला सांगू नका. नेमके यावरच तोंड उघडतील.